घ्यायला कोण जाणार?

शनिवारी सकाळी भिमाबाईंनी पुरणाची डाळ शिजायला टाकली, तरी आम्रपाली कुठल्या विमानतळावर उतरणार हे घरात कुणालाच ठाऊक नव्हतं.

बुधवारी धम्मरत्नच्या फोनवर तिचा निरोप आला होता. ‘अण्णांच्या पंच्याहत्तरीला येतेय. शनिवारी पोचते. घ्यायला येऊ नका, माझी मी येईन.’ अकरा वर्षांनी घरी येणाऱ्या बहिणीनं एवढंच लिहावं याचा धम्मरत्नला राग आला. भिमाबाईंनी धास्ती घेतली. त्याच्या बायकोला, दीपमालेला, मात्र नवल वाटलं. विमानानं येणाऱ्या माणसांना घरी पोचवणं हाच तिचा धंदा. पिंपरी-चिंचवडला स्वतःचा विमानतळ नाही. इथं येणारा माणूस आधी दुसऱ्याच्या गावात उतरतो, लोहगावला नाहीतर मुंबईला, आणि हल्ली पनवेलजवळच्या त्या नव्या विमानतळावर. तिथून पुढे दीपमालेसारख्या कुणाच्या तरी गाडीत बसून घर गाठतो. तीन वर्षांत तिनं किती माणसं आणली त्याला गणती नव्हती. निघालात का, पोचलात का, कुठल्या गेटला उभ्या आहात, म्हणून दहादा फोन करणारी माणसं. घ्यायला येऊ नका म्हणणारं एकही तिला भेटलं नव्हतं.

आणि या माणसाला तर तिनं कधी पाहिलंच नव्हतं. ती लग्न होऊन थेरगावच्या या घरात आली त्याच्या दोन वर्षं आधी आम्रपाली जर्मनीला निघून गेली होती. लग्न बारा दिवसांवर आलेलं, पत्रिका वाटून झालेल्या, आणि मुलगा वडिलांच्या, अण्णासाहेबांच्या, युनियनमधल्या जिवलग मित्राचा. तिकडची नोकरी हाती आली आणि तिनं लग्न मोडलं. “गेलीस तर या घराकडं परत बघू नकोस,” अण्णासाहेब दारात उभं राहून म्हणाले होते. एकदा बोललेला शब्द ते मागं घेत नाहीत अशी पिंपरीच्या कंपनीत, अवजारं बनवणाऱ्या टूलरूममध्ये, त्यांची ख्याती होती. कंपनीला त्या ख्यातीचा फायदा झाला असेल. घराला ती फार महागात पडली.

बुधवारी निरोपाचं कळल्यावर अण्णा पेपरातून मान वर न काढता म्हणाले होते, “येऊ दे.” तीन दिवस घर त्या दोन शब्दांचा अर्थ लावत बसलं होतं.

“पुण्यालाच उतरेल ती,” आता ते खुर्चीत बसून म्हणाले. “लोहगाव जवळ पडतं. शहाण्या माणसानं जवळ उतरावं.”

“अण्णा, जर्मनीचं विमान लोहगावला येत नाही.” धम्मरत्न युनिफॉर्मला इस्त्री करत होता. चाकणला त्याची सेकंड शिफ्ट होती. “मुंबईला उतरणार, तिथनं आरामात येणार. तोवर आपण वाट बघायची. सवय आहेच आपल्याला.”

“तू गप रे,” भिमाबाई स्वयंपाकघरातून म्हणाल्या. “दीपे, तुला काय वाटायलंय? तू तर रोज जायलीस.”

दीपमाला वेलची सोलत होती. “दिल्लीवरनं येत असतील तर तिन्हीपैकी कुठंही उतरता येतं, आई. म्हणून तर सांगता येत नाही.”

“सांगायचंच नाहीये तिला,” धम्मरत्न म्हणाला.

भिमाबाईंनी हात पदराला पुसले आणि मुलाचा फोन उचलला. लिहिणं त्यांना जमत नसे, पण बोलून पाठवायचं बटण त्यांना बरोबर ठाऊक होतं. “आंबू, कुठं उतरायलीस ते सांग. न्हाई सांगितलंस तर मी तिन्हीकडं माणसं उभी करीन.”

दहा मिनिटांत उत्तर आलं. ‘नवी मुंबई. साडेबारा. पण आई, मी टॅक्सी करते.’

“टॅक्सी आपल्याच दारात उभी हाय,” भिमाबाई म्हणाल्या. “दीपे, ऊठ.”

“सुनेनं जायचं?” अण्णांचा पेपर खाली आला. “बॅगा उचलायला?”

सुनेचं गाडी चालवणं अण्णांना कधी रुचलं नव्हतं. ते तिला अडवत नसत, पण तीन वर्षांत तिच्या गाडीत त्यांनी एकदाही पाय ठेवला नव्हता. दवाखान्यात जायचं तरी रिक्षा बघत.

“मग मी सुट्टी मारून जातो,” धम्मरत्न म्हणाला.

“शिफ्ट मारायची नाही,” अण्णा म्हणाले.

नवऱ्याच्या चेहऱ्यावर सुटल्यासारखं काहीतरी येऊन गेलेलं दीपमालेनं पाहिलं. बहीण गेल्यापासून आईबापांचं आजारपण, औषधं, रुसवेफुगवे सगळं त्याच्या अंगावर पडलं होतं. त्याला तिला बघायचंही होतं, पण आपण तिच्याकडे जाण्याआधी तिनं आपल्याकडे यावं असंही वाटत होतं.

“सून न्हाई, पोरगा न्हाई,” भिमाबाई म्हणाल्या, “मग तुमीच जावा की.”

भिमाबाईंनी आपली डाळ घोटायला घेतली. दीपमाला किल्ली घेऊन खाली आली, काचा पुसल्या, मागच्या सीटवरचं पांघरूण झटकलं. गाडी सुरू करणार तोच पुढचं दार उघडलं. इस्त्रीचा पांढरा शर्ट घालून अण्णासाहेब आत बसले आणि पट्टा ओढून बघू लागले.

“हा कुठं अडकवायचा?” त्यांनी विचारलं.

घाट उतरल्यावर त्यांचा एकेक प्रश्न निघू लागला. विमानाला उशीर झाला तर तुला कसं कळतं? गाडी कुठं लावतेस? माणूस बाहेर येईपर्यंत कुठं बसतेस? एकटी बाई म्हणून कुणी त्रास देतं का? दीपमाला उत्तरं देत गेली. तीन वर्षं साठवून ठेवलेले प्रश्न होते ते, तिला कळत होतं. मशीनसमोर उभा राहिलेला कामगार ते कसं चालतं हे समजून घेतो, तसे ते ऐकत होते. शेवटी म्हणाले, “अवघड काम आहे.” दीपमालेनं मान डोलावली. त्यांच्या तोंडून एवढं निघालं तेच खूप होतं.

विमान वेळेवर आलं. बाहेर पडणाऱ्या माणसांत दीपमालेनं नणंदेला चेहऱ्यावरून नाही, चालीवरून ओळखलं. भिमाबाईंसारखाच एक खांदा पुढे काढून चालणारी उंच बाई, कापलेले केस, हातात एकच लहान बॅग. तिचे डोळे दीपमालेवरून गेले आणि शेजारच्या पांढऱ्या शर्टावर थांबले. मागून येणाऱ्यांनी तिला दोन धक्के दिले तरी ती हलली नाही.

मग पुढे आली. “जय भीम, अण्णा.”

“जय भीम.” अण्णांनी तिच्याकडे नीट पाहिलं आणि मग बॅगेकडे. “सामान एवढंच?”

“तीन दिवसच आहे मी.”

“हं.”

दीपमालेनं बॅग घेण्यासाठी हात पुढे केला. आम्रपालीनं बॅग सोडली नाही, तो हातच धरला. “वहिनी ना? फोनवर तुमचा आवाज बारीक वाटतो.”

“घरात सगळ्यांचाच बारीक असतो,” दीपमाला म्हणाली, आणि नणंद खुदकन हसली. दीपमालेला ती आवडली. पण नवल काही कमी झालं नाही.

परतीच्या वाटेवर ते वाढलंच. परदेशातून बऱ्याच वर्षांनी येणारी माणसं तिला पाठ होती. काचेला नाक लावून बसायची. हे कधी झालं, तो पूल नवा का, इथं तर भातशेती होती, किती या बिल्डिंगी! बोलून बोलून डोकं उठवायची. आम्रपालीनं एकही प्रश्न विचारला नाही. खंडाळ्याच्या बोगद्यात गाडी शिरायच्या आधीच तिनं कानावर हात धरले. लोणावळा मागं पडल्यावर म्हणाली, “आता उर्स्यापर्यंत रस्ता मोकळाच असतो.”

‘असायचा’ नव्हे, ‘असतो’ म्हणाली ती. दीपमालेनं आरशात पाहिलं. अण्णा समोर बघत होते.

उर्स्याच्या टोलनंतर अण्णांना लघवीला थांबायचं होतं. दीपमालेनं एक्स्प्रेसवे सोडला आणि तळेगावच्या बाजूला बरकतभाईच्या टपरीपाशी गाडी लावली. विमानतळाच्या भाड्यावरचे बहुतेक ड्रायव्हर तिथं थांबत. लॉकडाऊन उठल्यावर त्यानं ती टाकली होती. अण्णा मागं जाऊन आले, तोंडावर पाणी मारलं आणि बाकावर बसले. आम्रपाली गाडीतून उतरायलाच तयार नव्हती.

“चहा घ्या की, ताई,” दीपमाला म्हणाली.

“नको. घरी जाऊन घेऊ.”

“ये,” अण्णा म्हणाले. अकरा वर्षांत बापानं तिला पहिल्यांदा बोलावलं होतं. ती उतरली.

बरकतभाईनं चहा गाळता गाळता वर पाहिलं आणि त्याचा चेहरा फुलला. “अरे, जर्मनीवाल्या मॅडम! लई दिवसांनी! बिनसाखरेचा ना तुमचा? आज कंपनीची गाडी नाही?”

टपरीवर आणखी दोघं-तिघं होते, त्यांचं बोलणं चालूच होतं. दीपमालेनं वळून नणंदेकडे पाहिलं. प्रश्न न विचारणारी बाई, एवढीशी बॅग, ‘असतो’. तिला सकाळपासून टोचत होतं ते हे होतं.

अण्णांनी हातातला ग्लास बाकावर ठेवला. “किती वेळा?” त्यांनी विचारलं.

आम्रपालीनं खोटं बोलायचा प्रयत्न केला नाही. “तीनदा. दोनदा मुंबईवरनं, एकदा लोहगाववरनं. चाकणच्या एका कंपनीला आमचं मशीन दिलंय. ते बसवायला, मग दुरुस्तीला. कंपनीची गाडी यायची, हॉटेलवर सोडायची. काम झालं की परत.”

“आणि आई?” हे दीपमाला बोलली. बोलायचं नाही असं तिनं ठरवलं होतं, पण तोंडातून निघून गेलं. “दर महिन्याला तुमचा फोन ठेवला की आई तासभर कुणाशी बोलत नाहीत. लेकरू किती लांब गेलं म्हणतात. तेव्हा तुम्ही चाकणला होतात?”

“एकदा होते,” आम्रपाली म्हणाली. “हॉटेलच्या खोलीतनं बोलत होते. आईनं विचारलं, तिकडं थंडी हाय का? मी हो म्हणाले.”

बरकतभाईला काहीतरी चुकल्याचं कळलं. त्यानं तिचा ग्लास हळूच बाकावर ठेवला आणि तो आपल्या स्टोव्हकडे वळला.

“एकदा थेरगावातनंसुद्धा गेले, अण्णा. ड्रायव्हरनं तिकडनं गाडी घेतली. डांगे चौकात सिग्नलला थांबलो होतो. इथनं घर चालत पाच मिनिटं, म्हटलं. उतरावं.”

“मग?”

“सिग्नल सुटला.”

अण्णा आपल्या हातांकडे बघत होते. टूलरूममध्ये छत्तीस वर्षं काढलेले हात. डाव्या अंगठ्याचं नख अर्धंच होतं. दीपमालेला वाटलं, आता ते उठतील. तोच जुना आवाज काढतील, तेच दार बंद होईल, आणि पुरणपोळ्या कोण खाणार? आम्रपालीलाही तसंच वाटत असावं. ती ग्लासाला हात न लावता उभी होती, एक खांदा पुढे काढून.

“मी म्हणालो होतो, बघू नकोस म्हणून,” अण्णा सावकाश म्हणाले.

“हो.”

“तू ऐकलंस. बाकी कधी माझं काही ऐकलं नाहीस. तेवढंच ऐकलंस.”

रस्त्यावरून चाकणकडे कंटेनर चालले होते, एकामागून एक. अण्णांनी चहाचा एक घोट घेतला. मग मान वर करून विचारलं, “कसलं मशीन?”

“काय?”

“बसवलंस ते. कसलं मशीन आहे?”

“ग्राइंडिंगचं. गिअरचे दात घासायचं.”

“किती मायक्रॉनपर्यंत अचूक जातं?”

“दोन.”

“दोन!” अण्णांनी ग्लास खाली ठेवला. “आम्ही पाचापर्यंत खाली आलो की सुपरवायझर बाहेर नेऊन वडापाव द्यायचा. दोन? फाउंडेशन कसलं घेतलंत? शेजारून कंटेनर गेला तर थरथरेल की सगळं.”

“त्यासाठीच तर दुसऱ्यांदा यावं लागलं,” आम्रपाली म्हणाली. ती बाकाच्या दुसऱ्या टोकाला बसली. आणि बोलायला लागली. रस्त्याचा हादरा मशीनपर्यंत कसा पोचत होता, दोन दिवस कुणालाच कसं कळलं नाही, शेवटी तिनं रात्रपाळीतल्या एका जुन्या फिटरला विचारलं आणि त्यानं जमिनीला तळहात लावून सांगितलं. अण्णा मधे मधे तिला अडवत होते, बोटानं बाकावर आकृती काढत होते, मान हलवत होते. दीपमालेला त्यातलं अर्धं कळलं नाही. अकरा वर्षांचं भांडण मिटेल तेव्हा काय होईल याच्या तिनं काय काय कल्पना केल्या होत्या. रडारड, पाया पडणं. हादऱ्यावर बोलतील असं काही तिच्या मनात आलं नव्हतं.

“चाकणला कुठं आहे ही कंपनी?” अण्णांनी विचारलं.

“एमआयडीसीत. धम्माच्या कंपनीपासनं दोन गेट पुढे.”

“तुला माहीत होतं, तो तिथं आहे?”

“शिफ्ट सुटताना बघितला एकदा. जाड झालाय.”

दीपमालेला हसू आलं आणि त्याच वेळी डोळ्यांत पाणी आलं. तिनं घाईनं ग्लास उचलले.

गाडीत बसल्यावर दीपमालेनं गाडीचं तोंड थेरगावच्या दिशेनं केलं, तेव्हा अण्णा म्हणाले, “चाकणला घे.”

“आत्ता? आई वाट बघत असतील.”

“अकरा वर्षं बघितली. अजून तासभर बघेल.” मग जरा नरमून म्हणाले, “जाता जाता बघून येऊ.”

जाता जाता बघण्यासारखं ते काही वाटेत नव्हतं. तळेगाव-चाकण रस्त्यावर नेहमीसारखी गर्दी होती; पुढच्या ट्रकची नंबरप्लेट पाठ होईपर्यंत त्याच्यामागे थांबावं लागलं. पण मागच्या सीटवर अण्णा आणि आम्रपाली शेजारी बसले होते. अण्णा आपणहून मागं जाऊन बसले होते. दीपमालेच्या गाडीत आज खरंखुरं भाडं बसलं होतं, सारखं बोलणारं, प्रश्न विचारणारं.

त्या कंपनीच्या गेटपाशी पोचायला साडेचार वाजले. उंच भिंत, निळं पत्र्याचं शेड, आत माल भरायला उभ्या दोन गाड्या. शनिवार असल्यानं वर्दळ नव्हती. अण्णा उतरून थेट गेटकडे गेले. सिक्युरिटीचा माणूस खोलीतून बाहेर आला.

“कुणाकडं काम आहे, काका?”

“काम काही नाही,” अण्णा म्हणाले. “आत एक ग्राइंडिंग मशीन आहे. माझ्या मुलीनं बसवलंय.”

तो माणूस त्यांच्याकडे, मग आम्रपालीकडे, मग पिवळ्या पाटीच्या गाडीकडे बघत राहिला. “आत नाही सोडता येणार हो. सोमवारी साहेब असतात.”

“आत नाही जायचं. इथनंच बघतो.”

इथून बघण्यासारखं काही नव्हतं. तरी अण्णासाहेब गेटच्या गजांना धरून बराच वेळ त्या निळ्या शेडकडे बघत उभे राहिले. आम्रपाली त्यांच्या शेजारी जाऊन उभी राहिली आणि बोटानं दाखवू लागली, तिकडे, त्या तिसऱ्या खिडकीच्या आत, उजव्या हाताला. आजपर्यंत दीपमालेला वाटायचं की आपल्या सासऱ्यांना कसलंच कुतूहल नाही. सगळं आधीच ठरवून बसलेला माणूस. तसं नव्हतं. इतकी वर्षं ते दाबून धरणं त्यांना किती जड गेलं असेल, याचा ती पहिल्यांदा विचार करत होती.

तिचा फोन वाजला. भिमाबाई होत्या. “दीपे, कुठं हायसा? पुरण वाटून झालं, पोळ्या लाटायला घेऊ का?”

दीपमालेनं काय सांगावं म्हणून अण्णांकडे पाहिलं. त्यांनी हात पुढे केला आणि फोन घेतला. “मी बोलतोय.”

“तुमी? कुठनं?”

“चाकणवरनं.”

“चाकणला?” भिमाबाईंचा आवाज स्पीकर नसतानाही सगळ्यांना ऐकू आला. “चाकणला कवापासनं विमान उतरायला लागलं?”

अण्णांनी मुलीकडे पाहिलं. तिनं मान खाली घातली होती.

“उतरत होतं,” ते म्हणाले. “तीनदा उतरलं. आपल्याला माहीत नव्हतं एवढंच. माहीत कसं होणार? मी मनाई करून ठेवली होती. घरी आल्यावर मीच सांगतो तुला सगळं. तिला रागावू नकोस.”

मग भिमाबाई म्हणाल्या, “तिला द्या.”

आम्रपालीनं दोन्ही हातांनी फोन घेतला. “आई,” म्हणाली. भिमाबाई काहीतरी म्हणत होत्या, आता हळू आवाजात, आणि ती नुसती मान हलवत होती, जणू ते त्यांना दिसत होतं. अण्णा गेटपाशी, भिंतीला पाठ टेकून, तिचं बोलणं संपायची वाट बघत उभे राहिले.

आता निघायची घाई नव्हती; दीपमालेनं गाडीकडे जाऊन चालूच ठेवलेलं इंजिन बंद केलं.